विश्लेषण : गोठ्यात जुनी मोटार सापडली तर? आधी धूळही पुसू नका!

मे महिन्यात कोकणातली बंद घरे उघडतात. मुंबईकर मंडळी येतात, पावसाआधी कौले परतायची असतात, भाऊबंदांच्या वाटण्या रखडलेल्या असतात. अशात घरातला एखादा पुतण्या मोबाइलचा टॉर्च लावून गोठ्याच्या मागच्या अंधारात शिरतो. तिथे बहुधा मोडका नांगर, पोचे आलेले घंगाळ आणि पाय तुटलेली आरामखुर्ची मिळते. पण क्वचित कुठे गवताच्या भाऱ्यांआड लाकडी आऱ्यांचे चाक दिसते, आणि ते बैलगाडीचे नसते.

मुंबई-गोवा महामार्गावर खेड आणि चिपळूणच्या मधले लोटे बाहेरच्यांना रासायनिक वसाहतीमुळे ठाऊक आहे. वसाहतीच्या पाट्या मागे टाकून आतल्या वाड्यांकडे वळले की जांभ्याच्या भिंती, उतरती कौले, पडव्या आणि गोठे हे जुने कोकण आजही दिसते. समजा, लोट्याजवळच्या अशाच एका गोठ्यात शंभर वर्षांपूर्वीची मोटार निघाली, तर पुढे काय होईल? अंदाज बांधणे अवघड नाही. दुपारपर्यंत ती पाइप लावून धुतली जाईल, संध्याकाळी हार घालून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतील, दुसऱ्या दिवशी दलालाचा फोन येईल आणि आठवडाभरात पितळी दिवे कोणाच्या तरी दिवाणखान्यात पोहोचतील.

अशा गाडीचे खरे नुकसान ती पडून होती त्या ऐंशी वर्षांत होते, असे आपण समजतो. माझ्या मते त्याहून जास्त नुकसान ती सापडल्यानंतरच्या पहिल्या आठ दिवसांत होते. त्यात घरच्यांचे पैसे जातात आणि कोकणाचा लिहिला न गेलेला इतिहासही जातो. हे का होते आणि ते टाळता कसे येईल, ते पाहू.

मुळात कोकणात मोटार आलीच कशी?

हा प्रश्न पहिला, कारण गाडीची किंमत आणि ओळख दोन्ही तिथून सुरू होतात. देशावर मोटार लवकर रुळली. १९०८ मध्ये ‘मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ने मुंबई-कोल्हापूर मार्गावर मोटारींची चाचणी शर्यत घेतली होती. सुमारे ६२० मैलांची, म्हणजे हजार किलोमीटरच्या आसपासची. वाटेत घाट होते आणि डांबर कुठेच नव्हते. ती ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या रोल्स-रॉइसने जिंकली आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती गाडी विकत घेतली. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक अजूनही दसऱ्याच्या सोहळ्यात लोकांना पाहायला मिळते. संस्थानिकांच्या गाड्यांना अशी नावे आहेत, फोटो आहेत, नोंदी आहेत.

कोकणचे तसे नाही. इथला प्रवास बोटीचा. मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने आगबोट यायची, दाभोळच्या खाडीतून माल आत गोवळकोटपर्यंत जायचा. मोटार आणायची तर एक तर कुंभार्लीसारखा घाट उतरून, नाही तर पाण्यावरून. खाड्यांवर पूल नव्हते तिथे दोन होड्या जोडून केलेल्या तराफ्यावर गाडी चढवून पैलतीर गाठायचा. मुंबई-गोवा रस्त्यावरचा महाडचा सावित्री पूल १९२८ चा. (तोच, जो २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला.) तेव्हा त्याआधीच्या काळातली एखादी गाडी खेड-चिपळूण परिसरात आली असेल, तर ती येण्याचीच एक मोठी कथा असणार.

अशी गाडी कोण घेत असेल? खोत, व्यापारी, एखादा डॉक्टर आणि पैसे घेऊन उतारू नेणारा मोटारमालक. हा शेवटचा माणूस महत्त्वाचा. एसटीच्या आधी गावोगाव खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ धावत. मोटारीचे मागचे अंग कापून, लाकडी बाके ठोकून तिची छोटी बस करणे ही तेव्हाची रीतच होती. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आले तेव्हा मागे कोळशाची शेगडी जोडून त्या वायूवर गाड्या चालवल्या गेल्या. मग १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि प्रवासी वाहतूक हळूहळू सरकारकडे गेली. पाठोपाठ १९४९ च्या कायद्याने खोती संपवली. मोटार पोसणाऱ्या दोन्ही वर्गांच्या हातून एकाच सुमारास पैसा आणि कारण दोन्ही निसटले. टायर मिळेना, सुटे भाग मिळेनात. गाडी एका पावसाळ्यापुरती म्हणून गोठ्यात लावली गेली आणि तिथेच राहिली.

म्हणून अशा गाडीकडे श्रीमंताचा शौक म्हणून बघणे चूक आहे. ती चालवणारा, ढकलणारा, तिला पाणी घालणारा, तिच्यातून बाळंतिणीला तालुक्याला नेणारा अशी बरीच माणसे तिच्याभोवती होती. त्यांची नावे कुठल्याही गॅझेटिअरमध्ये नाहीत.

ती खरेच ‘व्हिंटेज’ आहे का?

आपल्याकडे जुनी दिसली की व्हिंटेज, असा सरसकट हिशेब असतो. जाणकारांच्या जगात मात्र काळाचे कप्पे आहेत. ब्रिटिश क्लबांच्या हिशेबात १९०४ पर्यंतच्या गाड्या ‘व्हेटरन’, १९०५ ते १९१८ ‘एडवर्डियन’ आणि १९१९ ते १९३० ‘व्हिंटेज’. लंडन ते ब्रायटन ही प्रसिद्ध फेरी केवळ १ जानेवारी १९०५ पूर्वीच्या गाड्यांसाठी असते. भारतातले क्लब थोड्या वेगळ्या वर्षांनी विभागणी करतात. आणि भारतातला कायदा तर याहून अगदी निराळे बोलतो, ते पुढे येईल.

घरच्या घरी काय ओळखता येते? बरेच काही. चाकाचे आरे लाकडी असतील तर गाडी साधारण तिसाव्या दशकापूर्वीची. पुढचे दिवे विजेचे नसून कार्बाइडच्या वायूचे असतील, गाडी सुरू करायला फक्त पुढचा हँडल असेल, तर आणखी मागे जा. विजेवर सुरू होणारी गाडी कॅडिलॅकने १९१२ साली बाजारात आणली, आणि स्वस्त गाड्यांत ती सोय यायला आणखी काही वर्षे गेली. फोर्ड मॉडेल टी असेल तर रेडिएटरचे कवच पाहा. पितळी असेल तर गाडी १९१६ पर्यंतची, काळे रंगवलेले पोलादी असेल तर नंतरची. अर्थात नंतरच्या गाडीला कोणी जुना पितळी रेडिएटर बसवला असू शकतो, म्हणून एका खुणेवर भरवसा नको. इंजिनच्या ठोकळ्यावर कोरलेला क्रमांक हा खरा साक्षीदार.

आणि ‘परदेशी गाडी’ म्हणताना जरा थांबा. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला शेव्हरोलेची जुळणी सुरू केली होती. त्यानंतरची शेव्हरोले असेल तर तिचे भाग सातासमुद्रापलीकडून आले, पण ती उभी राहिली मुंबईच्या कामगारांच्या हातून.

आता एक अप्रिय गोष्ट. मॉडेल टी या एकाच प्रकारच्या गाड्या फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक बनवल्या. जुनी म्हणजे दुर्मीळ नव्हे आणि दुर्मीळ म्हणजे कोट्यवधींची नव्हे. ‘गोठ्यात सापडली करोडोंची कार’ अशा मथळ्यांनी घरात भांडणे लावण्यापलीकडे फार काही साधत नाही. कोकणातल्या गाडीचे मोल बहुधा तिच्या कथेत असेल, ती कुठून आली, कोणी चालवली, कशासाठी कापली यात. आणि ही कथा सिद्ध करणारे पुरावे गाडीवरच चिकटलेले असतात. ते धुऊन टाकले की उरते ते एक जुने यंत्र.

धूळ पुसायला हरकत काय?

फ्रान्समधले उदाहरण पाहा. रॉजर बाइयाँ नावाच्या वाहतूक व्यावसायिकाने संग्रहालय काढायचे म्हणून शंभरावर मोटारी जमवल्या. सत्तरच्या दशकात धंदा बसला, बऱ्याच गाड्या विकाव्या लागल्या. उरलेल्या पश्चिम फ्रान्समधल्या शेतघराच्या आवारात, पत्र्याच्या छपरांखाली गंजत राहिल्या. २०१४ मध्ये त्या उजेडात आल्या तेव्हा एका फेरारीवर जुन्या मासिकांचे ढीग रचलेले होते. लिलाव करणाऱ्यांनी काय केले? जवळजवळ काहीच नाही. ५९ गाड्या होत्या तशा, धुळीसकट, फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात मांडल्या. मासिकांखालची ती १९६१ ची फेरारी सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. त्या वेळच्या दराने शंभर कोटी रुपयांहून जास्त.

तिथे घेणाऱ्याला धूळ का हवी होती? कारण धूळ सांगते की या गाडीला मधल्या काळात कोणी हात लावलेला नाही. मूळ रंग मूळच आहे, मूळ स्क्रू मूळच आहेत. रंग पुन्हा कधीही देता येतो, पण पहिला रंग एकदाच असतो.

याहून टोकाचे उदाहरण इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या माज्जोरे सरोवराचे. तिथे तळाशी गेलेली १९२५ ची बुगाटी २००९ मध्ये पाणबुड्यांनी बाहेर काढली. एक बाजू जवळपास नाहीशी झालेली, सगळीकडे गंज. तरीही पुढच्या वर्षी ती २ लाख ६० हजार युरोंच्या पुढे विकली गेली, आणि कॅलिफोर्नियातल्या संग्रहालयात ती दुरुस्त न करता, त्याच अवस्थेत मांडली गेली होती. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ‘ट्युरिन सनद’ही हेच सांगते: जितका कमी हस्तक्षेप तितके बरे, आणि जे कराल त्याची नोंद ठेवा.

आपल्याकडे उलट आवड आहे. गाडी चकचकीत लाल, पितळ आरशासारखे, सीटला नवे रेक्झिन, असे दिसल्याशिवाय ‘जीर्णोद्धार’ झाला असे वाटत नाही. हीच हौस देवळांच्या बाबतीत आपण पुरेशी पाहिली आहे. जांभ्याच्या जुन्या गाभाऱ्यांना बाथरूमच्या टाइल्स लागल्या, त्याच वृत्तीने गाड्यांना मेटॅलिक रंग लागतो.

मग नेमके काय करावे?

सर्वांत आधी स्वतःचा जीव. रत्नागिरी हा फुरशांचा जिल्हा आहे आणि वर्षानुवर्षे न हललेला गवताचा ढीग ही त्यांची आवडती जागा. काठीने आवाज करत, बूट घालून आत जा. दुसरे, जुन्या गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात आणि गास्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. तिथली पूड फुंकर मारून उडवू नका, तोंडाला मास्क लावा.

त्यानंतर मोबाइल. गवत हलवण्याआधी गाडीभोवती सावकाश फेरी मारत फोटो काढा. मग आतून, खालून, प्रत्येक पाटीचा, प्रत्येक क्रमांकाचा जवळून. क्रमांक वाचता येत नाही म्हणून त्याला सँडपेपर लावू नका. टॉर्च तिरपा धरला की कोरलेले आकडे सावलीत उठून दिसतात. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला गाडीजवळ खुर्ची देऊन बसवा आणि व्हिडिओ सुरू करून बोलते करा. हे काम पुढच्या मे महिन्यावर ढकलण्यासारखे नाही.

गाडी बाहेर ओढायची घाई सर्वांत महागात पडते. त्या काळच्या बहुतेक गाड्यांचा सांगाडा लाकडी असे आणि त्यावर पत्रा ठोकलेला असे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात वाळवी. बाहेरून पत्रा धड दिसतो आणि आतले लाकूड कधीच भुसा झालेले असते. जेसीबीचा साखळदंड लावून हिसका दिला की गाडीचा पुढचा भाग जेसीबीबरोबर येतो आणि मागचा गोठ्यातच राहतो. आधी खाली लाकडी ठोकळे द्या, चाकांवरचा भार काढा, फळ्यांचा मार्ग करा, मग माणसांनी ढकला. सुटे झालेले, कुजलेले, निरुपयोगी वाटणारे तुकडेही क्रमांक घालून पोत्यात ठेवा. नवा भाग बनवणाऱ्या सुताराला नमुना त्यातूनच मिळतो.

हँडल मारून ‘चालू होते का बघू’ हा मोह तर प्रत्येकाला होतो. सिलिंडरमध्ये दट्ट्या गंजून चिकटलेला असतो, जोर लावला की कड्या तुटतात. स्पार्क प्लगच्या भोकांतून पातळ तेल सोडा आणि काही आठवडे विसरून जा. बाकी काम जाणत्या मेकॅनिकचे.

लोटे म्हणजे रसायनांचे गाव, तेव्हा गंज काढायला अ‍ॅसिड लावू असे कोणी तरी सुचवणारच. नको. अ‍ॅसिडला गंज आणि पत्रा यांतला फरक आपल्याला वाटतो तितका कळत नाही. आणि गाडीवर थेट प्लॅस्टिकची ताडपत्री आवळून बांधू नका. कोकणातल्या हवेत तिच्या आत घाम धरतो आणि वर्षांचा गंज एका पावसाळ्यात चढतो. सुती कापड, वर थोडी मोकळी जागा सोडून छप्पर, एवढे पुरे.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांसाठी प्रथमच वेगळी व्यवस्था केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली, सांगाडा-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न केलेली खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी ही व्हिंटेज. म्हणजे कायद्याच्या नजरेत १९१२ ची मोटार आणि १९७० ची फिअॅट एकाच रांगेत. नोंदणी झाल्यावर क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते, म्हणून आपल्या राज्यात ‘एमएच व्हीए’. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, विक्रीनंतरच्या फेरनोंदणीचे ५ हजार, मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोज बाजारात नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते. धंद्यासाठी वापर पूर्ण बंद. राज्याने त्यासाठी अधिकारी आणि तपासणी समिती नेमायची, असेही नियमांत आहे.

शहरातल्या संग्राहकासाठी ही चांगली व्यवस्था आहे. गोठ्यातल्या गाडीसाठी तिच्यात दोन मोठ्या फटी आहेत.

पहिली फट कागदांची. अर्जासोबत विमा लागतो. आयात गाडी असेल तर सीमाशुल्काचे कागद आणि पूर्वी नोंदणी झालेली असेल तर जुने नोंदणी पुस्तक लागते. १९१४ च्या मोटार कायद्याखाली नोंदलेल्या गाडीचे पुस्तक आज कोणाच्या घरी असेल? वाळवीने खाल्लेले, नाही तर पुरात गेलेले. ते नसेल तर काय, याचे सरळ उत्तर या यादीत सापडत नाही. जुनी छायाचित्रे, चौकटीवरचे क्रमांक, घरच्यांचे शपथपत्र आणि समितीची प्रत्यक्ष पाहणी यांवर नोंदणी देण्याची वाट परिवहन विभागाने आखून द्यायला हवी. जमिनीच्या जुन्या नोंदींसाठी आपण इतके खटाटोप करतो, मग यंत्रासाठी का नाही?

दुसरी फट मला अधिक खुपते. नियम केवळ खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहेत आणि फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही. म्हणजे संस्थानिकाची रोल्स-रॉइस बसते. पण बाके ठोकून बस केलेली, अर्ध्या तालुक्याला नेणारी-आणणारी सर्व्हिस मोटार बसत नाही, कारण ती धंद्याची होती आणि कापलेली होती. कोकणातल्या गाडीचा इतिहास नेमका त्या कापण्यातच आहे. मालकाने कायद्यात बसवण्यासाठी ती बाके उखडून ‘मूळ’ बॉडी नव्याने बनवली, तर कागदोपत्री गाडी वाचली आणि प्रत्यक्षात गेली, असे व्हायचे. त्या काळात केलेला बदल हा गाडीच्या मूळ स्वरूपाचाच भाग मानावा, एवढी दुरुस्ती नियमांत व्हायला हवी.

कागद शोधायचे तर देवघरातली फडताळे, लोखंडी पेट्या आणि जुन्या वह्यांची बासने आधी उघडा. नोंदणी पुस्तक नाही मिळाले तरी कराची पावती, युद्धकाळातली पेट्रोलची कुपने, टायरचे बिल, मुंबईच्या एखाद्या विक्रेत्याचे पत्र, काहीही उपयोगी पडते.

गाडी नेमकी कोणाची?

सापडली त्याची नव्हे, एवढे आधी लक्षात घ्या. सातबाऱ्यावर गाडी नसते, पण ज्याच्या नावावर ती होती त्याच्या सर्व वारसांचा तिच्यावर हक्क असतो. त्यात लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि त्यांची मुलेही आली. गावात राहून घर सांभाळणाऱ्या चुलत्याने ती भंगारात दिली आणि मुंबईच्या भावांना दिवाळीत कळले, असे प्रकार भांडी-कुंडी, दारे-खिडक्या यांच्या बाबतीत कोकणाला नवे नाहीत. सर्वांचे संमतिपत्र आधी, सौदा नंतर. आणि ज्या माणसाने तीस वर्षे त्या गोठ्याचे छप्पर गळू दिले नाही, त्याचा वाटा कायद्यात नसला तरी कुटुंबाने लक्षात ठेवायला हरकत नाही.

विकायची नाहीच का?

विकायची असेल तर जरूर विका. गाडी बाळगणे खर्चाचे काम आहे, आणि ज्याला घराची कौले बदलायला पैसे नाहीत त्याला वारशाचे व्याख्यान देणे मला पटत नाही. संग्राहकांना लुटारू समजण्याचेही कारण नाही. मुंबईच्या प्राणलाल भोगीलाल यांनी अहमदाबादजवळ कठवाड्याला ‘ऑटो वर्ल्ड’ उभे केले नसते तर त्यातल्या कितीतरी गाड्या वितळून गेल्या असत्या. हैदराबादच्या निजामाची १९१२ ची पिवळी रोल्स-रॉइस कित्येक वर्षे पडून होती. कोणी तरी मनावर घेतले म्हणून आज ती चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते.

पण दलालाची पद्धत ओळखा. पहिल्या भेटीत तो लोखंडाच्या भावाची गोष्ट करतो. इंजिनचा क्रमांक पाहिल्यावर लगेच विसार द्यायची तयारी दाखवतो. मध्ये काय घडले हे तुम्हाला कळायला हवे. म्हणून क्रमांकांचे फोटो आणि घराचा ठावठिकाणा कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. मुंबईतल्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियासारख्या संस्थेतल्या, खरेदीत रस नसलेल्या जाणकाराचे मत घ्या. एकाचे नव्हे, दोघांचे. दिवे वेगळे, हॉर्न वेगळा, इंजिन वेगळे असे तुकड्यांत विकू नका. पूर्ण गाडीला जे मोल येते ते तुकड्यांच्या बेरजेला येत नाही. करारात क्रमांक आणि भागांची यादी लिहून घ्या.

१९५० पूर्वीच्या मोटारी आणि त्यांचे भाग यांच्या निर्यातीवर सरकारची बंधने आहेत. त्याला कारणही आहे. कोलकात्याच्या रस्त्यांवर खळबळ उडवणारी १९१० ची हंसाच्या आकाराची मोटार आज नेदरलँड्सच्या लाउमन संग्रहालयात आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची भगव्या-काळ्या रंगाची ड्यूझनबर्ग अमेरिकेत गेली. मराठी घराण्याच्या त्या गाडीचे फोटो आपण परदेशी लिलावांच्या पुस्तकांत पाहायचे. तेव्हा ‘परदेशात दुप्पट देतो’ असे कोणी म्हटले तर आधी परवान्याचे विचारा.

ठेवायची तर कुठे?

रत्नागिरीत थिबा राजवाड्यात राज्य पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. जिल्ह्यातल्या प्रवासाचा इतिहास सांगणारे एक दालन तिथे सहज शोभेल. आगबोटीचे तिकीट, सर्व्हिस मोटारीचा फलक, एसटीची पहिली वेळापत्रके आणि मधोमध एक न धुतलेली मोटार. तमिळनाडूत कोइम्बतूरला उद्योजकांनी गेडी मोटार संग्रहालय उभारले, हरियाणात तावडूला वाहतुकीच्या वारशाचे संग्रहालय आहे. महामार्गालगत एवढे कारखाने असलेल्या लोटे-परशुराम वसाहतीला एक शेड आणि एक रखवालदार परवडणार नाही, असे कोणी म्हणू नये. परशुराम घाटात तसेही पर्यटक थांबतातच.

चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने आपल्या बळावर वस्तुसंग्रहालय जोपासले आहे. १८६४ पासून चालत आलेल्या या संस्थेला २००५ मध्ये पुराने गाठले आणि २२ जुलै २०२१ ला पुन्हा. त्या दिवशी बाजारपेठेतली असंख्य वाहने पाण्याखाली गेली. लोट्याजवळच्या गोठ्यातून निघालेली गाडी चिपळुणात न्यायची ठरली, तर भाड्याची शेड बघण्याआधी शेजारच्या दुकानदाराला विचारा की २०२१ ला पाणी कुठवर आले होते. तो हात वर करून भिंतीवरची जागा दाखवेल. गाडी त्याच्या वर ठेवता येत नसेल, तर गोठ्याचे छप्पर नीट करून तिथेच राहू द्या.